लाल खडीची पट्टी

डार्मश्टाटला पीएचडी करत होतो, तेव्हा लॅबमधल्या एका जर्मन मित्राने मला त्याच्या बेसबॉल क्लबमध्ये ओढून नेलं. मी भारतीय, म्हणजे क्रिकेट येणारच, म्हणजे झेल घेता येणारच, असं त्याने गृहीत धरलं. शाळेच्या संघात मी बारावा गडी होतो, हे मी काही बोललो नाही.

क्लबचे अध्यक्ष साठीचे, निवृत्त सर्व्हेअर. खेळापेक्षा नियमांत त्यांचा जीव जास्त. मैदानाच्या कडेला, कुंपणाच्या अलीकडे लाल खडीची पट्टी होती. वर बघत धावणाऱ्याच्या पायाला खडी लागली की कुंपण जवळ आलंय हे त्याला कळावं, एवढंच तिचं काम. पण अध्यक्ष दर शनिवारी टेपने तिची रुंदी मोजत आणि मी नवा सभासद, म्हणून दाताळं माझ्या हातात. खडीत गवताचं पातं दिसलं, की "आल्झो", म्हणजे 'तर मग', "हे काय?"

पहिल्याच सामन्यात एक उंच फटका माझ्याकडे आला. मी मागे धावलो. पायाखाली खडी करकरली आणि मी शहाण्यासारखा जागीच थांबलो. चेंडू दोन पावलांवर, पट्टीतच टपकला.

"थांबलास का?" अध्यक्ष कडाडले.

"तुम्हीच म्हणालात, धोक्याची सूचना आहे."

"सूचना! मनाई नव्हे!"

या देशात येऊन मी रिकाम्या रस्त्यावरसुद्धा लाल दिव्याला उभा राहायला शिकलो होतो. सूचना आणि मनाई यांत फरक असतो, हे मला इथे पहिल्यांदाच कोणी सांगत होतं, तेही ओरडून.

पुढच्या सरावाला, झेल कसा घ्यायचा हे दाखवायला अध्यक्ष स्वतः उतरले. मित्राने चेंडू उंच मारला. अध्यक्ष मान वर करून धावले, खडी करकरली, तरी धावतच राहिले आणि अख्खेच्या अख्खे कुंपणावर आदळले. नाकातून रक्त आलं. मला खरंच वाईट वाटलं. हसूही आलं, ते खोकून लपवलं.

"खडी लागली नाही का पायाला?" मी विचारलं.

"लागली की! पण चेंडू हातात येत होता."

सुजलेल्या नाकाने त्यांनी बैठक घेतली. दोष पट्टीचा निघाला: ती अरुंद होती. रुंदीकरणाचा ठराव एकमताने मंजूर झाला. मीही हात वर केला. मग खणायचं कोणी, यावर चर्चा झालीच नाही. सगळ्यांनी फक्त माझ्याकडे पाहिलं.

दोन शनिवार खणल्यावर माझी पाठ धरली. तिसऱ्या शनिवारी थिसिसचं निमित्त सांगून मी क्लब सोडला. माझे प्रोफेसर फार खूश झाले.