आधीच्याचा कारभार

फ्यूजमामांना कुठलीही गाडी दाखवा, बॉनेट उघडायच्या आत ते एकच प्रश्न विचारत: "आधीचा कोण होता?"

आधीचा म्हणजे त्यांच्या अगोदर त्या गाडीच्या वायरिंगला हात लावणारा. त्याचं नाव कुणालाच सांगता येत नसे, पण मामांना त्याचं सगळं चरित्र तोंडपाठ असे. तो आळशी होता, तो घाईत होता, घरी त्याला कुणी विचारत नव्हतं, आणि त्याचा राग त्यानं मोटारींवर काढला होता. जगातल्या बहुतेक बिघाडांच्या मुळाशी हा एकच इसम आहे आणि तो अजून मोकाट फिरतोय, अशी मामांची पक्की समजूत होती.

फ्यूजमामा हे नाव बाजारानं दिलेलं. ते मोटारींचे फ्यूज बदलत म्हणून नव्हे, स्वतः चटकन उडत म्हणून. उडाले की दोन मिनिटं कुणी जवळ जायचं नाही. मग मामी आतून काहीतरी विचारायच्या, डबा उघडू का वगैरे, आणि मामा ताळ्यावर यायचे. दुकान म्हणजे एक शटर, एक लाकडी फळी आणि भिंतीवर खिळ्यांना टांगलेल्या तारांच्या गुंडाळ्या. लाल लालच्या खिळ्याला, निळी निळीच्या. हा क्रम मोडलेला मामांना खपत नसे. मात्र वर्षभरापासून हिरवी गुंडाळी निळीच्या खिळ्यावर सापडू लागली होती. मामी सकाळी झाडताना ती मुकाट्यानं जागेवर लावायच्या आणि विषय काढायच्या नाहीत.

विषय काढायची ती त्यांची लेक. ती दर रविवारी फोनवर म्हणायची, "बाबा, मोतीबिंदू आहे हो तो. अर्ध्या तासाचं काम. करून टाका."

"करून टाका!" मामा फोन ठेवून फळीला सांगत. "म्हणजे कुणीतरी परका माणूस माझ्या डोळ्यात हत्यार घालणार. मी चाळीस वर्षं बघतोय माणसं कसं काम करतात ते. वरून झाकण चकाचक, आणि आत नुसता गोंधळ. मोटार निदान पुन्हा खोलता येते."

खरी भीती ही होती. आधीच्याचा कारभार त्यांनी इतक्या मोटारींत पाहिला होता की त्याला स्वतःच्या डोळ्यात शिरू द्यायची त्यांची छाती होत नव्हती. आणि दुसरी भीती अशी की, रंग ओळखता येत नाहीत हे बाजाराला कळलं तर शटर खाली ओढून घरी बसावं लागेल. ही दुसरी त्यांनी मामींनाही सांगितली नव्हती. मामींना ती ठाऊक होती.

अशा दिवसांत मुख्याध्यापिकाबाईंची मोटार दुकानापुढे आली.

आली म्हणजे ढकलत आली. ढकलणाऱ्यांत एक न्हावी, दोन कारकून आणि एक निवृत्त न्यायाधीश होते. सगळे बाईंचे माजी विद्यार्थी. बाईंनी 'ढकला' म्हटल्यावर 'का' असं विचारायची हिंमत त्यांनी शाळेतही केली नव्हती. बाई स्वतः स्टिअरिंगवर ताठ बसल्या होत्या. गाडी त्यांच्या वडिलांची, गोल दिव्यांची, गडद निळी. ब्रेक दाबून त्यांनी ती बरोबर दारात उभी केली आणि न्यायाधीशांना म्हणाल्या, "जा आता घरी. घाम पूस."

मग मामांना त्यांनी तक्रार सांगितली. बॅटरी नवी आहे, तरी दोन दिवसांत मरते. "सकाळी मी दाराबाहेर आले की गल्लीतली माणसं दारं लावून घेतात हो. मला हे बरं दिसत नाही."

"आधीचा कोण होता?"

"माहीत नाही. वडिलांनी फार वर्षांपूर्वी कुठूनतरी एसी बसवून आणला होता. एसी कधीच गेला. त्याचा कॉम्प्रेसरही काढून टाकला."

मामांनी दुकानातली भरलेली बॅटरी चढवली, तिची एक तार सोडवून मध्ये तपासणीचा बल्ब लावला. गाडी बंद, किल्ली बाईंच्या पर्समध्ये, आणि बल्ब मात्र मजेत पेटलेला. मामांनी एकेक फ्यूज काढत नेला. एसीचा फ्यूज निघाला तेव्हा बल्ब विझला. मामांनी बल्ब काढून तार पुन्हा जोडली.

"बघितलंत? एसी गेला, पण त्याचं खटलं मागं राहिलंय," मामा म्हणाले. "तारा, रिले, पंख्याचं बटण, सगळं जागच्या जागी बसून बॅटरीचं खातंय. या खटल्याला आता घराबाहेर काढायचं."

मामी डबा घेऊन आल्याच होत्या. त्या नेहमीप्रमाणे पुढच्या सीटवर जाऊन बसल्या. हे त्यांचं जुनं ठरलेलं काम. मामा बॉनेटखालून तार हलवणार आणि आत कोणती हलली ते मामी सांगणार. मामांचा एक कडक नियम होता: तार कापायची नाही, ओढायची नाही, टोकापासून टोकापर्यंत सोडवत न्यायची. म्हणून काम सावकाश चाले. बाईंनी खुर्ची मागून घेतली आणि त्या मडगार्डशेजारी बसून पाहू लागल्या.

पाचच मिनिटांत त्यांनी विचारलं, "ही तार कोणत्या रंगाची?"

"धुळीच्या," मामा म्हणाले.

"धुळीखाली?"

मामांनी तारेवर फडकं फिरवलं आणि डोकं आणखी खाली नेलं.

"तुम्हाला नीट दिसतं ना?"

झालं. फ्यूज उडाला. "बाई, तुमचा जन्म शाळेत गेला, माझा या तारांत गेलाय! या गाडीतली एक जरी चुकीची तार माझ्या हातून कापली गेली ना, तर उद्याच्या उद्या मी डोळ्यांच्या डॉक्टरांपुढे जाऊन बसेन. आपण होऊन! आणि नाही कापली, तर माझ्या डोळ्यांबद्दल पुन्हा कुणी चकार शब्द काढायचा नाही. कुणी म्हणजे कुणी!" हे शेवटचं गाडीच्या आत बघून.

"मी ऐकलंय," आतून मामी म्हणाल्या.

"मीही," बाई म्हणाल्या.

मग दोन तास काम चाललं आणि त्याबरोबर आधीच्याचा उद्धारही चालला. रिले पत्र्याला एकाच स्क्रूनं लटकवलेला निघाला. "एकच स्क्रू! दुसरा काय लग्नात आहेर दिला?" पंख्याची तार हॉर्नच्या तारेला लपेटून नेलेली. "शाबास! मैत्रिणी वाटल्या त्या दोघी याला!" हा माणूस जेवायला बसला तर पाणीसुद्धा ताटात ओतून घेत असेल, असं मामांचं मत पडलं. बाईही मधूनच भर घालत होत्या. एसी लावला की गाडी चढावर दम टाकायची, म्हणून चढ आला की वडील एसी बंद करत आणि सगळ्यांना खाली उतरवत. गारवा फक्त उतारावर मिळायचा.

"अगं, ही कोणती हलली?" मामा विचारत.

"डावीकडची. तांबडी आहे बघा," मामी सांगत. किंवा, "वरची. निळी दिसतेय छान." त्यांना रंग कुणी विचारला नव्हता. त्या आपल्या सांगत होत्या.

एका जागी तीन तारा एकाच सांध्यात डाग देऊन जोडलेल्या होत्या. इथे सोडवणं शक्य नव्हतं, एक कापावीच लागणार होती. मामांनी सांध्यावरची धूळ पुसली, चष्मा कपाळावर घेतला, पुन्हा खाली आणला, आणि पक्कड एका तारेवर ठेवली. आत तिचं टोक हललं.

हॉर्न वाजला. साधासुधा नाही, आगगाडी येतेय असा. मामांचं डोकं बॉनेटला धडकलं.

"कोपर लागलं," आतून मामी म्हणाल्या.

मामांनी डोकं चोळत पक्कड पुन्हा त्याच तारेवर ठेवली. पुन्हा हॉर्न. मामांनी ती शेजारच्या तारेवर नेली. हॉर्न गप्प.

बाई खुर्चीवरून उठल्या. "पक्कड खाली ठेवा," त्या म्हणाल्या. पलीकडच्या दुकानातल्या एका माजी विद्यार्थ्यानं आपल्या हातातलंही खाली ठेवलं. "पस्तीस वर्षं मी परीक्षेच्या वर्गात फिरलेय. खोकणं पाहिलंय, पेन्सिल पाडणं पाहिलंय, पाय आपटून आकडे सांगणंही पाहिलंय. हॉर्न पहिल्यांदाच." मग त्यांनी गाडीच्या खिडकीत वाकून विचारलं, "ती कोणती तार होती?"

मामींनी मान खाली घातली. "हिरवी. ब्रेकच्या दिव्यांची. एसीची निळी आहे."

"मी कापली कुठे?" मामा ओरडले. "कापली असती तर चूक!"

"दुसऱ्याचं बघून लिहिणाऱ्याला मी कधी पास केलेलं नाही."

मामांचा चेहरा लाल झाला. "चूक माझी नाहीच मुळी! या आधीच्याची आहे! एसीची तार ब्रेकच्या तारेला कोण जोडतं? कोण जोडतं, सांगा ना! अशा माणसाच्या हातात पक्कड देणाऱ्याला धरून..."

"अहो, पुरे," मामी म्हणाल्या, आणि गाडीतून उतरल्या. त्यांच्या हातात तारांचा एक जुडगा होता. डॅशबोर्डमागून सुटून मघाशीच तो त्यांच्या मांडीवर पडला होता, आणि तासभर त्या तो फडक्यानं पुसत बसल्या होत्या. "हे बघा."

मामांनी जुडगा डोळ्यांजवळ नेला. "काय बघू? काळी टेप गुंडाळलीय."

त्या जुडग्यावर टेप नव्हतीच. पिवळा, मेण लावलेला दोरा होता, आणि चार चार बोटांवर त्याला काजाचा टाका घातलेला होता. लग्नानंतरची पहिली दोन वर्षं दोघं एका खोलीत राहत. मामी ब्लाउजांची काजं करून देत, आणि मामा दुकानातून तारा घरी आणत. टेप मिळायची मारामार असायची, म्हणून मामी दोऱ्यानं जुडगे बांधून द्यायच्या. तारांना काजाचा टाका घालणारी दुसरी बाई त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. आणि हा टाका यांना दिसत नव्हता. बारीक रंग चुकतो, इतकंच त्यांना आजवर वाटत होतं. इतकं गेलंय, हे त्यांना माहीत नव्हतं, आणि त्या मनातून फार घाबरल्या.

त्यांनी मामांचा अंगठा धरला आणि दोऱ्यावरून सावकाश फिरवला. एक टाका. दुसरा. तिसरा.

तिसऱ्या टाक्यावर मामांचा हात थांबला.

मग अगदी लहान आवाजात त्यांनी बाईंना विचारलं, "गाडी आधी पांढरी होती का हो?"

"होती. वडिलांनी नंतर निळी करून घेतली." बाईंच्या ध्यानात यायला वेळ लागला नाही. "म्हणजे तुम्ही! वडील दोन महिने शोधत होते तुम्हाला!"

"दुकान बदललं होतं," मामा म्हणाले. चाळीस वर्षं ज्याच्या मागावर होते तो सापडला होता, आणि त्याला आता कुठे ठेवायचं ते त्यांना कळत नव्हतं. ते बाईंच्या खुर्चीवर जाऊन बसले. "मला तेव्हा एसीचं काही येत नव्हतं. पण नाही म्हटलं असतं तर गिऱ्हाईक गेलं असतं. रात्रंदिवस खपून केलं होतं. वाटलं होतं, बरं झालंय."

"उतारावर छान गार व्हायचं," बाई म्हणाल्या. पस्तीस वर्षांत त्यांनी एखाद्याला दिलेले हे पहिलेच फुकटचे गुण असावेत.

उरलेलं काम त्या दुपारीच झालं. मामी आता गाडीबाहेर उभ्या राहून सगळ्या बाजारानं ऐकावं इतक्या मोठ्यानं सांगत होत्या, "ही निळी! हिला हात लावू नका, ही हिरवी!" मामा "बरं" म्हणत होते. बाजारात कुणाचंच त्याकडे लक्ष नव्हतं. कुणी शटर ओढायला आलं नाही. एसीचं खटलं निघालं ते बादलीभर भरलं. मामांनी तपासणीचा बल्ब लावला, तो पेटला नाही. बल्ब काढून तार जोडल्यावर मामींनी ब्रेक दाबला, तेव्हा मागचे दोन्ही दिवे लागले. बाई गाडी स्वतः चालवत घरी गेल्या. जाताना त्यांनी काच खाली करून डॉक्टरांचं नाव सांगितलं. तेही त्यांचेच विद्यार्थी होते.

ठरल्याप्रमाणे दुसऱ्या दिवशी मामा गेले. खिशात तो जुडगा होता. मामी शेजारी बसल्या होत्या आणि मामांच्या हाताला सुटलेला घाम त्यांना कळत होता. डॉक्टरांनी उजव्या डोळ्यात बॅटरी मारली, डाव्यात मारली, मग मामांचा चष्मा उचलून दिव्यासमोर धरला आणि नाक मुरडलं.

"काय हा नंबर! अहो, हा चष्मा देणाऱ्यानं डोळा तपासला होता की नुसता चेहरा बघितला होता? आधीचा कोण होता हो?"

एरवी या प्रश्नावर मामा अर्धा तास बोलले असते.

"त्याला काही बोलू नका डॉक्टर," मामा म्हणाले. "जमेल तसं केलं असेल बिचाऱ्यानं. तुम्ही करा आता. मी बसलोय."