कणगीशेजारची कोंबडी

लसूण ठेचला की आजही माझा हात मध्येच थांबतो. बाळंतपणाला मी आंदर मावळातल्या माहेरी होते. माजघरात तांदळाची बांबूची कणगी, तिच्या शेजारी पाटीत अंड्यांवर बसलेली खुडूक कोंबडी आणि तिथंच वर तुळईला माझ्या तान्ह्या लेकीची झोळी. तांदळाला टोक्यांची कीड लागली म्हणून आईनं बाजारातून औषधाच्या गोळ्या आणल्या आणि सकाळी फडक्यात बांधून कणगीत खुपसल्या. तेवढ्यात लाइट गेली. पंखा थांबला तशी लेक घामानं किरकिरू लागली, म्हणून मी तिला ओसरीवर घेऊन आले. आईनं लाइटवाल्यांना शिव्यांची लाखोली वाहिली. "घरात बाळंतीण हाय, जरा तरी लाज धरा मेल्यांनो!" दुपारी आतून लसणाचा उग्र वास यायला लागला. मी विचारलं, "आई, आत कोण लसूण ठेचतंय?" "कोन न्हाई गं, मी हितंच तर हाय," म्हणत आई बघायला गेली आणि लगेच बाहेर आली. तिच्या हातात कोंबडी होती, मान लोंबलेली. "बसल्या जागी गेली गं. वास गोळ्यांचा हाय," ती म्हणाली आणि तिची नजर ओसरीवर झोपलेल्या लेकीकडं वळली. मी लेकीच्या नाकाशी बोट धरलं. श्वास ऊन लागला. लाइट संध्याकाळपर्यंत आली नाही, पण आईच्या तोंडून पुन्हा शिवी निघाली नाही. आता लेक शाळेत जाते. लाइट गेली की वैतागून पाय आपटते. मी तिला खुशाल आपटू देते.