डबा भरून ठेवला, त्याची गोष्ट

माझी फजिती माझ्याच तोंडून ऐकलेली बरी. शेजारच्या शकीलाभाभीकडून ऐकाल, तर ती मीठमसाला लावून सांगेल!

तर आटपाट नगर बिगर काही नाही, मुकुंदवाडीतलं दोन खोल्यांचं घर. तिथं राहायचा माझा लेक दिलीप, शेंद्र्याला कंपनीत कामाला. त्याची लेक सायली, कॉलेजात. सून नर्स, तिची रविवारी हमखास ड्युटी. आणि मी म्हातारी, अंगठेबहाद्दर, पण कान शाबूत.

टीव्हीखाली खेळाचा डबा होता, व्हिडिओ गेम का काय म्हणतात तो. सायली लहान होती तवापासून बापलेक दर रविवारी त्यावर मोटारी पळवायचे. एरवी दिलीप मुका. आठवड्याचं सगळं बोलणं तेवढ्या वेळात व्हायचं.

मग सायलीनं नवंच काढलं. "पप्पा, डबा विकून टाका. महिन्याचे पैसे भरले की खेळ नेटवरून येतो. टीव्हीवर खेळा, मोबाईलवर खेळा!"

"आणि उद्या त्यांनी खेळ काढून घेतला तर? डबा आपला हाये."

"कॅसेटीपण तुमच्याच होत्या ना? कुठं वाजवता आता?"

पोरगी खोटं बोलत नव्हती. ठरलं, महिनाभर नेटवर खेळून बघायचं. जमलं तर डबा बिडकीनच्या एका माणसाला द्यायचा.

झालं! सायली कानात बोंडं घालून, मोबाईल घेऊन आतल्या खोलीत. दिलीप रविवारी बाहेर एकटा, बंद डब्याकडं बघत. माझ्या जिवाला ते बघवेना.

"कितीबी खेळता येतं व्हय गं?" मी विचारलं.

"नाय आज्जी, महिन्याचे तास ठरलेले. संपले की बंद."

आता तुम्हीच सांगा, आपल्या गावात नळाला पाणी कधी येतं? येईल तवा! आलं की आपण काय करतो? टाकी, पिंप, हंडे, चहाचं पातेलंसुद्धा भरतो. माझी अक्कल तिथंच धावली. खेळ तारेतून येतोय, मोजून येतोय, मग पोरगी कॉलेजात असताना भरून का ठेवू नये? डबा रिकामाच पडलाय. आणि भरलेला डबा कोण विकतं हो?

दुपारी टीव्ही लावला, सायली दाबायची तेच चित्र दाबलं. पडद्यावर खेळातला एक माणूस उभा राहिला. थोड्या वेळानं पडदा काळा. म्हणलं, पाण्याच्या मोटरीसारखंच आहे, हवा धरली की बंद! मग बंद पडू नये म्हणून मेथी निवडता निवडता रिमोटचं बटण दाबत राहिले. रोज. कंटाळले की शकीलाभाभीला बसवायची.

"अम्मा, ये आदमी चलताइच नै!"

"चलाने का नै, भाभी. भरने का है."

एका रविवारी बिडकीनचा माणूस पिशवी घेऊन दारात. दिलीप म्हणाला, "सायले, एकदा लावून दाखव, मग देतो डबा."

लावलं, तर पडद्यावर पाटी. तास संपले!

"पप्पा, मी एवढी खेळलेच नाही!"

"मग कोण खेळलं? कॉलेज बुडवून हेच धंदे का?"

पोरगी रडकुंडीला आली. मी छाती काढून पुढं झाले. "तिच्यावर ओरडू नको. संपलं नाय काही. मी भरून ठेवलंय. डबा बघ, काठोकाठ असंल!"

सायली हसत खालीच बसली. "आज्जी, तो खेळ साठत नसतो गं! येतो अन् जातो!"

"मग हे तर नळापेक्षा वाईट की!"

त्यात काही भरलं नाही हे मला दाखवायला म्हणून दिलीपनं डबा लावला. जुन्या मोटारी आल्या. सायलीनं दुसरा रिमोट उचलला.

"पप्पा, तुम्ही अजून भिंतीलाच धडकता!"

"गप! नाल्यात कोण पडलं होतं?"

बिडकीनचा माणूस चहा पिऊन, रिकामी पिशवी घेऊन गेला. त्याला कुणी नीट 'या' सुद्धा म्हणलं नाही.

डबे जातीलही. पाटे गेले, कॅसेटी गेल्या, डब्याला काय सोनं लागलंय? सगळा खेळ वाऱ्यावरून येईल, येऊ द्या. पण दोघांना एका सतरंजीवर बसवणारं काहीतरी बाहेरच्या खोलीत राहावं, असं मला वाटतं.

सायलीचे तास पुढच्या महिन्यात परत आले. आता तो नेटवरचा खेळही दोघं बाहेरच्या टीव्हीवरच खेळतात, आणि डबाही आहे. रविवारी घरात असा गलका, की भाभी भिंत वाजवते. माझा मुका लेक जेवतानासुद्धा बडबडतो. मलाही एक मोटार दिलीय. ती सगळ्यांच्या उलट्या दिशेनं पळते, आणि बापलेक एकमेकांच्या खांद्यावर पडून मला हसतात!