विहिरीतला यिर्मया आणि माझं इरकल

देवाला मी नुकतंच मोठ्यानं म्हणाले होते, "तू मला फसवलंस," आणि डोक्यावर पाणी पडलं.

थेंबभर नाही. विहिरीच्या भिंतीतून बाहेर आलेल्या पाइपातून मनगटाएवढी जाड धार सुटली ती बरोबर माझ्या टाळूवर. मी तळाच्या खड्ड्यात, गुडघ्यापर्यंत चिखलात रुतलेली. एक पाय उपसायला गेले तर दुसरा आणखी आत गेला. वर काठावर एकटी माझी धाकटी जाऊ, आणि ती दोन वर्षं माझ्याशी बोलत नव्हती. मला वर ओढायचे दोर बाजेला बांधलेले. बाज चिंचेखाली, आणि बाजेवर राजा बसलेला.

हे असं कसं झालं ते सांगते.

आमचं गाव निरगुडसरच्या अंगाला. गाव सगळा हिंदू, आमची थोडी घरं ख्रिस्ती, सासऱ्यांच्या वडिलांपासूनची. कांदा-बटाटा सगळ्यांचा सारखाच, देव तेवढा वेगळा. पत्र्याचं एक प्रार्थनाघर आहे. मी चौथी शिकले. शास्त्र बोट ठेवून हळूहळू वाचते, म्हणून विसरत नाही. पाळक तरुण, शहरातून आलेले. मंचरला खोली करून राहतात आणि रविवारी मोटरसायकलवर येतात. माणूस चांगला आहे. हायवेच्या गर्दीतून येतात म्हणून पहिलं गाणं होईपर्यंत रागात असतात, एवढंच.

ईस्टरच्या आधीच्या उपवासाच्या दिवसांत त्यांनी एकच विषय लावून धरला. देव ज्याला आपल्या कामाला बोलावतो त्याच्या वाट्याला दुःख ठरलेलं. संदेष्टा म्हणजे देवाचा निरोप्या. निरोप कडू असला की मार निरोप्याला. दर रविवारी त्यांनी एकेक संदेष्टा काढला. एकाला देवानं कुशीवर निजवून ठेवलं आणि शेणावर भाजलेली भाकर खायला सांगितली. हे सांगताना पाळकसाहेबांनी डोळे मिटून घेतले. मी शेजारणीला म्हटलं, "मी जन्मभर गोवऱ्यांवरचीच खाल्लीया. मला कुनी संदेष्टा म्हनलं न्हाई." दुसरा राणीला भिऊन रानात पळाला आणि झुडपाखाली पडून देवाकडे मरण मागायला लागला. देवानं मरण दिलं नाही, भाकर दिली आणि झोपू दिलं. हा देव मला पटतो. तिसऱ्याला देवानं वाईट चालीच्या बाईशी लग्न करायला लावलं. ते पाळकसाहेबांनी एका दमात उरकलं आणि खोकले.

मग यिर्मया आला. तो राजाच्या लोकांना नको ते खरं बोलायचा, म्हणून त्यांनी त्याला दोरानं हौदात सोडलं. हौदात पाणी नव्हतं, नुसता चिखल, त्यात तो रुतला. राजवाड्यातल्या एका परदेशी नोकरानं राजाकडे जाऊन रदबदली केली. दोर काचू नये म्हणून त्यानं जुन्या चिंध्या खाली टाकल्या, त्या काखेत घालायला सांगितल्या आणि त्याला वर ओढलं. हा यिर्मया मला आवडतो. तो गुपचूप सोसत नाही. देवालाच म्हणतो, तू मला फसवलंस, लोक मला हसतात. आणि देवही त्याला गप्प बस म्हणत नाही.

"यंदा हे आपण करून दाखवू," पाळकसाहेब म्हणाले. "खऱ्या विहिरीत."

विहीर आमची. म्हणजे माझी आणि जावेची, सामाईक. एक दिवस पाणी तिच्या शेताला, एक दिवस माझ्या. उन्हाळ्यात विहीर आटते, मग नदीवरच्या मोटरीनं पाणी ओढून पाइपानं विहिरीत आणून टाकायचं आणि तिथून पिकाला द्यायचं. त्या आठवड्यात शेतीच्या मोटरींची थ्री फेज लाईट रात्रीची होती, त्यामुळे दिवसा विहीर कोरडी. तळाला मधोमध पाणी गोळा व्हायला खड्डा केलेला आहे, त्यात तेवढा चिखल. पाळकसाहेब वाकून बघून म्हणाले, "अगदी शास्त्राप्रमाणे आहे."

राजा व्हायला सगळे तयार. यिर्मया व्हायला कुणी नाही. एकाचा गुडघा, एकाचा मणका, एकाला बायको सोडेना. तेव्हा माझी जाऊ उठली आणि पाळकसाहेबांना म्हणाली, "आमच्या बाईंना घ्या की. त्यांच्या तोंडातून कुनाचं भलं आल्यालं मी तरी ऐकलं न्हाई."

लोक हसले. मी म्हटलं, "घ्या मला. आन त्या नोकराच्या कामाला हिला घ्या. मला वर काढायला देवानंच सांगितल्याशिवाय ती यायची न्हाई."

पाळकसाहेबांना वाटलं, समेट झाला. त्यांनी दोघींची नावं लिहून टाकली.

आमचं भांडण इरकलावरून. हिरवं लुगडं, लाल काठाचं. दोरीवर वाळत घातलं आणि गेलं. आमच्या दोघींच्या अंगणांच्या मध्ये काटक्यांचा कूड तेवढा. मी चारचौघींत तिला चोर म्हणाले. ती म्हणाली, तुमची जीभ झडंल. ती माझ्याहून धाकटी, त्यामुळे शिव्याही "तुमी" म्हणूनच देते. तेव्हापासून बोलणं बंद. विहीर सामाईक असल्यावर निरोप तर द्यावेच लागतात. मग ती म्हशीला सांगते, "आज पाळी आपली हाय गं." मी माझ्या कोंबड्यांना सांगते, "कळलं."

तर नाटकाच्या दिवशी मला खाली सोडायला बाज काढली. आमच्याकडे विहिरीत बिबट्या पडला की वनखात्याची माणसं येईपर्यंत चार दोर बांधून बाज सोडतात. तो बाजेवर चढून बसतो आणि बुडत नाही. आमच्या बाजेवर मागं एक बिबट्या बसून गेलाय. एका पायावर नखं ओढल्याच्या खुणा आहेत. मी बसले, दोर सुटायला लागले, तशी मी सूचना द्यायला लागले. वरून दीर म्हणाले, "वहिनी, त्यो बिबट्या एवढं बोलत नव्हता."

हे दीर म्हणजे जावेचा नवरा. राजा तेच होते. राजाला सिंहासन नव्हतं, म्हणून मला खड्ड्यात उतरवल्यावर बाज वर ओढली आणि चिंचेखाली नेली. मंडळी राजाचा प्रवेश बघायला बाजेच्या मागून गेली, कारण चहाही चिंचेखालीच होता. जाऊ तेवढी काठावर राहिली. मी देवाशी भांडायचं, ते तिनं ऐकायचं आणि मग राजाकडे जायचं, असं ठरलं होतं.

मोटर ऑटोवर होती. म्हणजे लाईट आली की आपली आपण चालू. त्या दिवशी लाईटची वेळ बदलली होती आणि तसा मेसेज गावाच्या ग्रुपवर सकाळीच आला होता. आमच्या घरात तो सगळ्यांनी वाचला आणि सगळ्यांनी अंगठा टाकला. नदीवर जाऊन मोटर बंद कुणीच केली नाही. अंगठा टाकला की काम झालं, असं आमच्यात धरतात.

"मोटर चालू झाली!" मी खालून ओरडले.

जाऊ वाकली. तिनं धार बघितली, मला बघितलं. मग मान वळवून काठावरच्या कडुनिंबाला म्हणाली, "त्यांना सांग, दिसतंय मला." आणि पळाली.

चिंचेखाली काय झालं ते मी नंतर ऐकलं. ती धापा टाकत पोचली आणि म्हणाली, "उठा, बाज द्या!" दिरांना वाटलं, ही आपलं वाक्य विसरली. ते मिशीवर हात फिरवून म्हणाले, "सेवका, आधी मुजरा कर."

"मोटर चालू झालीया! बाई बुडत्यात!"

पाळकसाहेब चिंचेआडून कुजबुजले, "मोटर नाही, चिखल. चिखल म्हणा."

"जा," राजा म्हणाला, "इथून तीस माणसं बरोबर घे." हे शास्त्रातलंच आहे. पण आमच्या मंडळीत तीस माणसं जमवायची तर लग्न काढावं लागतं.

जावेनं बाजेचा पाय धरला आणि बाज उलटी केली. राजा मुकुटासकट चहाच्या पातेल्याशेजारी पडला. मग कुठं सगळ्यांना कळलं. पाळकसाहेब मोटर बंद करायला मोटरसायकलवर नदीकडे सुटले. त्यांनी बंद केली खरी, पण ती दुसऱ्याच कुणाची होती.

इकडे मी एकटी. खड्डा लहान, त्यामुळे पाणी भराभर चढत होतं. मांड्या बुडाल्या. खोटं कशाला सांगू, भ्याले. पाठ असलेली एकही प्रार्थना आठवेना. नाटकातलं वाक्य तेवढं तोंडात होतं, तेच पुन्हा म्हटलं. तू मला फसवलंस. या वेळी ऐकायला काठावर कुणी नव्हतं. पाळकसाहेब म्हणतात, देवानं बोलावलं म्हणून दुःख आलं. मला तिथं उभं राहून वाटलं, देवानं त्या माणसाला बोलावलं असेल, पण हौदात काही देवानं टाकलं नव्हतं. माणसांनी टाकलं, आणि टाकून ती चहाला गेली.

पाणी कमरेच्या वर आलं तेव्हा काठावर डोकी दिसली. एक बोचकं खाली आलं आणि माझ्या छातीवर आपटलं.

"चिंध्या! काखेत घाला!" जाऊ ओरडली. दोन वर्षांत सरळ माझ्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य.

मी बोचकं उघडलं. हिरवं. लाल काठ.

"हे माझं इरकल हाय!"

"काखेत घाला म्हनते ना!"

"चोरटे, तुझ्याकडंच व्हतं!"

"वाऱ्यानं आमच्या अंगणात आलं आन शेळीनं पदर खाल्ला! मी द्यायला निघाले, तवर तुमी मला चोर म्हनून मोकळ्या!"

"मंग तवाच दाखवायचं न्हाई व्हय?"

"दाखवलं असतं तर तुमी म्हनला असता, शेळीला मीच शिकवलं!"

हे खरं. म्हणाले असते.

"आन आज बरं आणलंस?"

"पाळक म्हनले, जुनं फाटकं आना. घरात दुसरं फाटकं न्हाई. आमी काय भिकारी हाय का?"

मी इरकल दोन्ही हातांनी डोक्यावर उचलून धरलं. पदर गेला होता, पण बाकीचं अंग चांगलं होतं, आणि विहिरीच्या चिखलाचा डाग जात नाही. वरच्या लोकांना वाटलं, मी हात वर करून प्रार्थना करतेय. एकीनं गाणं सुरू केलं. दोघी-तिघींनी टाळ्या धरल्या.

"बाई, घाला ते काखेत! दोर काचंल!"

"काचू दे!"

"वहिनी, पाणी कुठवर आलंय?" दीर.

"छातीला!"

"मंग भांडान वर येऊन करा की!"

तेवढ्यात बांधावरून शेजारच्या शेतातला माणूस धावत आला. "बिबट्या पडला का, राव?"

"न्हाई, वहिनी."

"अरारारा," तो म्हणाला, बिबट्यापेक्षा हे काम अवघड असल्यासारखं, आणि त्यानंही दोर धरला.

मी इरकल काही खाली घेईना. मग जावेनं काठावर गुडघे टेकले आणि माझ्याकडे बघून हात जोडले. ती कुणापुढं हात जोडणारी बाई नाही. सासूपुढं जोडले नाहीत तिनं. डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि ते मला आवडलं नाही, कारण त्या दिवशी रडायचं काम माझं होतं. मी इरकलाच्या दोन घड्या केल्या, एक या काखेत, एक त्या काखेत, त्यांवरून बाजेबरोबर खाली आलेला मोकळा दोर घेतला आणि बाजेची कड धरली.

वरच्यांनी ओढलं. चिखलानं पाय सोडले तेव्हा म्हैस डबक्यातून उठावी तसा आवाज झाला. गाणं थांबलं. मी पोटावर बाजेवर, पाय बाहेर लोंबकळत, अशी वर आले. शास्त्रात हे कसं दिसलं ते लिहिलेलं नाही, ते बरं केलं. मी काठाला लागले आणि लाईट गेली. पाइपाची धार बंद.

जावेनं माझ्या काखेतला दोर सोडवला. सोडवता सोडवता म्हणाली, "वजन केवढं हो तुमचं."

"चिखलाचं हाय," मी म्हटलं.

पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी मला पुढं बोलावलं. म्हणाले, "आजी, त्या खोल जागी, त्या दुःखात, देवानं तुम्हाला काय दाखवलं याची साक्ष द्या." मंडळी सरसावून बसली. एकीनं रुमाल काढला.

"थंडी वाजली," मी म्हटलं. "मोटर ऑटोवर ठेवू नका." आणि जागेवर येऊन बसले.

जाऊ मागच्या बाकावरून मोठ्यानं म्हणाली, "आन इरकलाचं सांगा की."

"ते तुझं तू सांग."

ती खरंच उठली आणि तिनं सांगितलं. सगळा दोष शेळीवर घातला. पाळकसाहेबांनी त्यालाही आमेन म्हटलं.

इरकल धुतलं, डाग गेला नाही. मग फाडून त्याचे दोन तुकडे केले. आता एक तिच्या चुलीजवळ असतो, एक माझ्या, गरम भांडी उतरवायला. शेळी त्याच ईस्टरला कापली. चवीला बरी होती. पाण्याच्या पाळीचा निरोप ती अजून म्हशीलाच देते, पण आता कुडाजवळ येऊन, मला ऐकू जाईल असा.

विहिरीत मी होते. दोर माझ्या जावेच्या हातात होता. आम्ही दोघी जिवंत आहोत.