मावशींच्या रक्तातली लस

दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात राहात्याजवळच्या आमच्या बोर्डिंगची विहीर आटली आणि टँकरचं पाणी सुरू झालं. ते ज्या हौदात पडायचं त्याला झाकण नव्हतं. मी रेक्टरांच्या मागे लागलो, तर त्यांनी झाकणाऐवजी टायफॉइडची लस आणवली. मुलं, शिक्षक, स्वयंपाक करणाऱ्या मावशी, सगळ्यांनी एका रांगेत उभं राहून टोचून घेतलं. मी तिथे नुकताच शिकवायला लागलो होतो. दुसऱ्या दिवशी दंड इतका ठणकत होता की फळ्यावर लिहिता येईना. मावशींनाही कणकण होती, पण त्या भाकरी थापत होत्या आणि वर मलाच हसत होत्या, "मास्तर, खडू बी उचलंना व्हय?"

महिन्याभरानं एका मुलाला टायफॉइड झाला. हौद तपासावा असं रेक्टरांच्या मनात आलं नाही. वरून धडधाकट दिसणाऱ्या माणसाच्या अंगातही हा रोग लपून राहतो, असं रेक्टरांनी कुठेतरी वाचलं होतं. मावशी तिसगावकडून पोटासाठी आलेल्या, विधवा. त्यांच्या बाजूनं भांडायला कुणी येणार नव्हतं. त्यांचं एकटीचं रक्त नगरला पाठवलं. रक्तात टायफॉइडची खूण आहे, असं उत्तर आलं. दुसऱ्या सकाळी प्रार्थनेला सगळ्या मुलांसमोर रेक्टर म्हणाले, या बाईंच्या हातचं कुणी खायचं नाही. टायफॉइड म्हणजे मुदतीचा ताप, म्हणून दुपारपर्यंत मुलं त्यांना मुदतीची मावशी म्हणू लागली. कालपर्यंत याच मुलांना त्या तव्यावरची गरम भाकरी वाढत होत्या.

मी त्यांना घेऊन एस.टी.नं नगरला गेलो. रक्त तपासणारा डॉक्टर भला माणूस होता. त्यानं विचारलं, यांना लस कधी टोचली होती? मी सांगितलं, तसा तो कपाळावर हात मारून म्हणाला की हे आधी कुणी कळवलंच नाही. लस टोचली की रोगाशी लढणारी द्रव्यं रक्तात तयार होतात, आणि या तपासणीत दिसतात ती तीच. एवढ्यावरून या बाईंना रोग आहे असं कुणीही म्हणू शकत नाही. मी शर्टाची बाही वर केली आणि म्हटलं, माझंही रक्त काढा. मी तर उभ्या जन्मात टायफॉइडनं पडलो नव्हतो. माझ्या रक्तातही तीच खूण निघाली.

परत येऊन मी हे सगळं रेक्टरांसमोर मांडलं. ते शांतपणे म्हणाले, "तुमचं लसीमुळे आलं असणार."

"आणि मावशींचं?"

"त्यांचं काय सांगता येतं?"

एकाच रांगेत, एकाच सुईनं आम्हाला टोचलं होतं. सुई तीच, लस तीच, खूणही तीच. पण माझं रक्त शिकलेल्या माणसाचं ठरलं आणि त्यांचं चुलीपुढच्या बाईचं. आजही ते वाक्य आठवलं की माझ्या मुठी आवळतात. अडाणीपणाची मला चीड येत नाही, तो शिकवून घालवता येतो. रेक्टरांना सगळं कळलं होतं, आणि कळूनही ते हटत नव्हते.

शेवटी त्यांनी उपकार केल्यासारखं सांगितलं, बाईंनी भांडी घासायला राहावं. मावशी दारातच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "भाकरीबी करीन आन् भांडीबी घाशीन. पर तुमी पोरांम्होरं बोलला हुता. आता बी पोरांम्होरंच बोला, का हिच्या अंगात काय न्हाई."

रेक्टरांनी टेबलावरचे कागद सारखे केले आणि बोर्डिंगच्या शिस्तीबद्दल काहीतरी पुटपुटले. मावशींनी थोडा वेळ वाट पाहिली आणि त्या आपलं गाठोडं बांधायला गेल्या.

दुसऱ्या सकाळी प्रार्थनेला मी उठलो आणि मुलांना सगळं सांगितलं. खाली बसा, असं रेक्टर म्हणत राहिले, मी बोलत राहिलो. मुलांना पटलं, काही रडलीही. पण मावशींना ते रेक्टरांच्या तोंडून हवं होतं, आणि ते ऐकायला त्या तिथे नव्हत्या. पहाटेच्या गाडीनं त्या तिसगावकडे निघून गेल्या होत्या, दुष्काळी कामावर खडी फोडायला.