सरांनी लिहिलेली मुलगी

दिल्लीकडच्या त्या विद्यापीठाचं नाव मी आजही कुणासमोर घेत नाही. घेतलं की लोक विचारतात, "मंग काय झालं?" आणि माझं डोकं फिरतं. काय व्हायचंय? मी इथंच आहे, तीर्थपुरीत. अकरावी-बारावीच्या पोरांना गणित शिकवते, चांगलं शिकवते. तरी कधीकधी फळ्यावर लिहिता लिहिता हात थांबतो. पोरांना वाटतं, मॅडम पुढची पायरी आठवून राह्यल्या. पायरी मला बिलकुल येत असते. मन तेवढं तिकडं गेलेलं असतं.

अकरावीत होते तेव्हा तिथं शिकणारी एक ताई आमच्या गावात आली होती, विहिरींच्या पाण्याचा अभ्यास करायला. तिच्या पाणी तपासायच्या पेटीचा एक स्क्रू पडला म्हणून ती अब्बूंच्या दुकानात आली. अब्बूंचं दुकान फवारणी पंप दुरुस्तीचं. कपाशीच्या दिवसांत तिथं उभं राहायलाही जागा नसते. अब्बूंनी स्क्रू बसवला, पैसे घेतले नाहीत, वर चहा पाजला. ताई मला म्हणाली, "आमच्याकडे गणितासोबत इतिहाससुद्धा घेता येतो. आणि वर्गात प्राध्यापकांना चूक म्हणता येतं. मग ते दुसऱ्या दिवशी अभ्यास करून येतात, आमच्याशी भांडायला."

चूक म्हणता येतं! मला वाटलं, ही बाई फेकून राह्यली.

पण मी त्या विद्यापीठाचं पान मोबाईलवर उघडलं, आणि मंग रोज उघडायला लागले. विषयांची यादी पाठ झाली. वहीच्या मागच्या पानावर मी माझं वेळापत्रकच आखून टाकलं: सोमवारी सकाळी गणित, दुपारी मध्ययुगाचा इतिहास, मंगळवारी आकाशातले तारे. कॉलेजला चालत जाताना मनातल्या मनात मी त्या वर्गांमध्ये बसायचे. हजारो पोरं अर्ज करतात आणि मूठभर घेतात, हे मला माहीत होतं. निवड झाली तर राहण्याखाण्यासकट सगळा खर्चा तेच करणार, हेही माहीत होतं. अम्मी म्हणाली, "इतना दूर?" आणि तेवढंच म्हणाली.  अब्बू उत्पन्नाचा दाखला काढायला स्वतः दोनदा तालुक्याला, घनसावंगीला जाऊन आले.

आता सरांबद्दल सांगते. सर आम्हाला कॉलेजात गणित शिकवायचे. आमच्या वर्गात मुली प्रश्न विचारत नसत. तशी कुणाची मनाई नव्हती. पण मुलीनं हात वर केला की मागच्या बाकांवर खसखस पिकायची, आणि संध्याकाळपर्यंत ते बाजारपेठेत पोचायचं. घरात मी तोफ, अब्बू म्हणायचे, "इस छोकरी के मुँह को लगाम नहीं." वर्गात मात्र तोंडाला कुलूप. सरांनी हे ओळखलं होतं. एक दिवस हळूच म्हणाले, "अडलं ते घरी येऊन विचारत जा. काकू असतात."

मंग काय, मी सुटलेच. सरांच्या घराचा ओटा, दार सताड उघडं, समोर काकू तुरीच्या शेंगा सोलत बसलेल्या, आणि मी सरांशी भांडतेय. एकदा तर तीन दिवस भांडले. शून्य पूर्णांक नऊ नऊ नऊ, असे कधीच न संपणारे नऊ लिहिले तर ती संख्या बरोब्बर एक होते, असं सर म्हणाले. मी म्हटलं, होईल कशी? थोडी तरी कमी राहणारच की! सरांनी एका रीतीनं सिद्ध केलं, मी मानलं नाही. दुसऱ्या रीतीनं केलं, मी त्यात खोट काढली. तिसऱ्या दिवशी सरांनी कपाळाला हात लावला आणि म्हणाले, "पोरी, तीस वर्षं शिकवून राह्यलो, पण हे मलाच आज समजलं." त्या दिवशी मी घरी पळत आले. इतकी खूश मी पुन्हा कधी झाले असेन, आठवत नाही.

अर्जासोबत निबंध मागितला होता: गुणपत्रिकेत दिसत नाही असं स्वतःबद्दल काही लिहा. मी हे तीन दिवसांचं भांडण लिहिलं. दुसरं काय लिहिणार होते? शिवाय एका शिक्षकाचं पत्र हवं होतं, ते अर्थातच सरांचं.

सरांनी त्या पत्राला चार दिवस लावले. शब्दकोश घेऊन बसले, कच्चं लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं, आणि शेवटी कॉलेजच्या छापील कागदावर शाईच्या पेनानं पक्कं केलं. मला म्हणाले, "मला ते लिंकबिंक जमत न्हाई. हा माझा पासवर्ड. तूच टाईप कर आणि पाठव. पण आधी मोठ्यानं वाच, काकूलाही ऐकू दे."

मी वाचायला लागले. इंग्रजीत होतं, मराठीत सांगते. "ही मुलगी अत्यंत आज्ञाधारक आहे. दोन वर्षांत हिने मला एकही प्रश्न विचारलेला नाही. हिने कधी कुणाशी वाद घातला नाही. कॉलेज सुटले की ही सरळ घरी जाते." काकूंना इंग्रजी येत नव्हतं, म्हणून सर एकेक ओळ त्यांना समजावून सांगत होते, आणि काकू डोळ्याला पदर लावून म्हणत होत्या, "किती छान लिहिलं हो."

मला आधी वाटलं, सर गंमत करून राह्यले. मी हसून म्हटलं, "सर, एकही प्रश्न न्हाई?"

सरांनी आवाज खाली आणला. "अगं, हा कागद चार परक्या माणसांच्या हातात जाणार. तरणी पोर मास्तराच्या ओट्यावर येऊन वाद घालती, असं लिहू का मी? उद्या फिरून इकडं कुणाच्या कानावर आलं म्हंजे? तुझ्या बापाला काय वाटंल?" मंग एकदम काहीतरी आठवल्यासारखं त्यांनी कागद माझ्या हातातून घेतला. "थांब थांब, 'नम्र' लिहायचं राहिलंच की!" आणि दोन ओळींच्या मधे तेही लिहिलं.

तिथं भांडणारी पोरं हवी होती, आणि सरांनी माझं भांडणच पुसून टाकलं होतं. बरं, वैरानं पुसलं असतं तर मी आकाशपाताळ एक केलं असतं. मायेनं पुसलं होतं, हीच तर पंचाईत.

दुकानात बसून मी मोबाईलवर पत्र टाईप करायला घेतलं. सरांचा पासवर्ड माझ्याकडं, कुणी बघायला नाही. खोटं कशाला बोलू, मी आधी माझंच पत्र लिहिलं. "या मुलीने मला तीन दिवस छळले," अशी सुरुवात केली. झकास जमलं होतं. मंग खाली सरांचं नाव टाकायची वेळ आली आणि बोट पुढं जाईना. दुसऱ्याच्या सहीवर आपलीच तारीफ? छे! सगळं खोडलं आणि सरांचं होतं तसं उतरवलं, 'नम्र'सकट.

तेव्हा मी एक समजूत करून घेतली होती. तहसीलमध्ये अर्जाला जोडलेले कागद कुणी वाचत नाही. मोजतात, टाचणी लावतात, शिक्का मारतात. दाखल्यांच्या रांगेत मी लहानपणापासून हेच बघत आले होते. मला वाटलं, तिथंही असंच असणार. निबंध एकजण बघेल, पत्र दुसरा मोजेल. दोन्ही एकाच टेबलावर कोण ठेवतंय?

मुलाखतीसाठी निवड झाल्याचा मेल आला तेव्हा अब्बूंनी अख्ख्या लाईनीत पेढे वाटले. नुसत्या मुलाखतीचे! मी ओरडले, तर म्हणाले, "चुप, खुशी की बात है." मुलाखत मोबाईलवर होणार होती. आमच्या मोबाईलला रेंजचे वांधे, म्हणून सर आपल्या मोबाईलचं नेट द्यायला आले. इस्त्रीचा शर्ट घालून आले, जशी मुलाखत त्यांचीच आहे. अब्बूंनी शटर अर्धं ओढलं आणि गिऱ्हाईक आत येऊ नये म्हणून स्वतः बाहेर बसले. आत मी, आणि समोर, मोबाईलच्या मागं, स्टुलावर सर.

पडद्यावर तीन चेहरे होते. सुरुवातीला अडखळले, पण नंतर काय रंगलं म्हणून सांगू! त्यांनी पंपाबद्दल विचारलं, कपाशीबद्दल विचारलं, न संपणाऱ्या नऊंबद्दल विचारलं. एकदा तर मी त्यातल्या एका प्राध्यापकांना म्हटलं, "नाही सर, तसं नाही ते," आणि ते हसून पुढं सरकून बसले.  मला वाटलं, मी पोचले. मी तिथंच बसलेय.

मंग पांढऱ्या केसांच्या मॅडम म्हणाल्या, "तुझा निबंध मला फार आवडला. पण तुझ्या सरांनी लिहिलंय की तू दोन वर्षांत एकही प्रश्न विचारला नाहीस. निबंधातले शिक्षक तेच ना? मग यातलं खरं काय?"

त्या मला पकडत नव्हत्या. चेहऱ्यावरून कळत होतं, त्यांना माझ्या तोंडून निबंधच ऐकायचा होता. एक वाक्य बोलायचं होतं मला: सरांनी तसं का लिहिलं ते मी सांगते. इंग्रजीतही आलं असतं. पण सर समोर होते. दोन्ही हात गुडघ्यांवर, नजर माझ्याकडं. त्यांच्या देखत मी तिघा परक्यांना सांगायचं, की सरांनी खोटं लिहून दिलं?

मी म्हटलं, "सरांनी लिहिलंय ते खरं आहे."

"आणि निबंध?"

"तो मी मनानं रचला, मॅडम."

त्यांनी चष्मा काढला आणि काहीतरी लिहून घेतलं. शेवटी म्हणाल्या, "आम्हाला काही विचारायचंय?" दोन वर्षं मी त्या माणसांसाठी प्रश्न साठवत होते. मी म्हटलं, "नाही."

मोबाईल बंद झाला. सर म्हणाले, "छान झालं," आणि चहा न घेताच निघून गेले. अब्बूंनी शटर वर केलं. "कैसा हुआ?" मी म्हटलं, "अच्छा हुआ."

नकाराचा मेल दोन ओळींचा होता. सरांना मी सांगितलं, जागा कमी होत्या. त्यांनी मान हलवली. मी जालन्याला बी.एस्सी. केलं, तीन वर्षं एसटीनं जाऊन-येऊन. तिथले शिक्षक वाईट नव्हते. फळ्यावर लिहायचे, आम्ही उतरवून घ्यायचो. सरांच्या ओट्यावरही जात राहिले, पण भांडण काही पुन्हा जमलं नाही. आता मला तिथली डिग्री नकोय. ती आता मिळून काय करू? पण आपण बोलायला तोंड उघडलं की समोरचा माणूस पुढं सरकून बसतो, हे मी एकदा, अर्धा तास बघितलंय. त्याची भूक काही केल्या जात नाही.

गेल्या वर्षी सर कायमचे मुलाकडं पुण्याला निघाले. टेम्पोत सामान भरून झालं होतं. मी भेटायला गेले तर ओट्यावर बसून पुस्तकांचा गठ्ठा बांधत होते. गाठ मारता मारता, वर न बघता म्हणाले, "त्या दिवशी खोटं का बोललीस?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी म्हटलं, "तुम्ही समोर बसला होता."

"मंग? मी वाटच पाहून राह्यलो होतो. आता ही भांडंल, म्हणंल आमच्या सरांनी खोटं लिहिलं. मनात म्हणत होतो, बोल पोरी, बोल. दोन वर्षांत रिटायर होणारा माणूस मी, माझं काय जाणार होतं?"

माझा आवाज चढला. आतून काकू बाहेर आल्या, इतका चढला. "मंग तुम्ही का न्हाई बोललात, सर? हातभर अंतरावर तर बसला होता! नुसतं म्हणायचं होतं, ही पोरगी खरं बोलून राह्यली!"

सरांनी ती गाठ आणखी ओढली. "हिंमत झाली न्हाई," म्हणाले. "इंग्रजीत कसं बोलावं, तेच सुचंना."

 मी त्यांच्या पाया पडले, काकूंच्या पडले आणि चालत दुकानात आले. अब्बू एका पंपाचा वायसर बदलत होते, बाजूला दोन शेतकरी उभे होते. मी पुढचामागचा विचार केला नाही. म्हटलं, "अब्बू, मुझे वहाँ जाना था. बहुत जाना था."

अब्बूंनी पाना खाली ठेवला. कुठं, असं विचारलं नाही. "मालूम है बेटा," म्हणाले. "मेरेको भी भेजनाच था." आणि हात वर, माळ्याकडं केला.

जुन्या टाक्यांच्या मागं, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली एक मोठी निळी चाकांची बॅग होती. पेढे वाटले त्याच आठवड्यात अब्बूंनी ती जालन्याहून आणली होती. मी ती खाली उतरवली. आत त्यांनी जाड दुलई आधीच भरून ठेवली होती, कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की तिकडं थंडी फार असते. त्या शेतकऱ्यांसमोर मी बॅगेला धरून मोठ्यानं रडले.