नीलासचे रेनडिअर किती?

नीलासचा तसा कुणावरच विश्वास नव्हता, पण जावयावर नसायला कारण होतं. तापिओ दक्षिणेतला, मोठ्या शहरात वाढलेला. एल्लेशी लग्न ठरवायला नीलासच्या नदीकाठच्या घरी पहिल्यांदा आला, रश्श्याचा पहिला घोट घेतला आणि सरळ सासऱ्याला विचारलं, "तुमचे रेनडिअर किती आहेत?"

एल्लेनं टेबलाखालून लाथ मारली, पण उशीर झाला होता. आम्हा सामी लोकांत, उत्तरेच्या बर्फात रेनडिअर पाळणाऱ्यांत, हे विचारायचं नसतं. भरल्या पंगतीत कुणाला बँकेत किती शिल्लक आहे म्हणून विचारावं, तसलाच आगाऊपणा. नीलासनं चमचा खाली ठेवला.

"आहेत थोडे," तो म्हणाला. त्याच क्षणी त्याच्या डोक्यात पक्कं बसलं की हा पोरगा एल्लेसाठी आलेला नाही, आकड्यासाठी आलाय.

पुढे लग्न झालं, तापिओ याच घरी राहिला, लाकडं फोडायला शिकला, बर्फाला भोक पाडून मासे धरायला शिकला. संशय मात्र तिथंच राहिला. शेवटी या शरद ऋतूत गावच्या कळपमंडळानं तापिओला काम दिलं: कुणाच्या जनावराच्या कानाला कुठली खूण आणि कुणाची जनावरं किती, हे सगळं कॉम्प्युटरमध्ये ठेवायचं. टपालाच्या बसनं खोकी आली. मागच्या खोलीतली नीलासची मासे धरायची जाळी गोठ्यात गेली आणि तिथं ते यंत्र बसलं.

"डेटाबेस म्हणजे काय रे?" नीलासनं उंबऱ्यावरूनच विचारलं.

"कोठार समजा, बाबा. कप्प्याकप्प्यांत माहिती ठेवायची, लागेल तशी काढायची."

"काढणार कोण?"

"ज्याच्याकडे पासवर्ड असेल तो."

"आणि तो कुणाकडे?"

"सध्या माझ्याकडेच."

"वाटलंच," नीलास म्हणाला.

तापिओ त्या यंत्राशी झटत होता. प्रोग्रॅम चढवायचा, यंत्रानं नाही म्हणायचं, उतरवून पुन्हा चढवायचा. नीलास आपला आतबाहेर करत होता. भिंतीतून बाहेर जाणारी ती वायर कुठं पोचते? समोर कुणी नसतानाही यंत्र गुरगुरतं कशाला?

"बाबा, त्याला काम करू द्या की," एल्ले वैतागली.

"मी काय केलं? माझे गळ शोधतोय."

एकदा तापिओ कॉफी आणायला स्वयंपाकघरात गेला आणि नीलासनं डाव साधला. पडद्यावर नावांची रांग होती, सगळा नदीकाठ त्यात. त्याचंही नाव होतं आणि पुढे रेनडिअरांचा आकडा. तो इथं लिहिणार नाही. मीही याच नदीकाठचा आहे.

खरं तर नीलासच्या मनातला आकडा तो नव्हताच, पडद्यावरचा जरा कमी होता. दुसरा कुणी हसून निघून गेला असता. पण नीलास संशयाला उपाशी ठेवणारा माणूस नव्हे. वसंतात लांडग्यांनी खाल्लेले त्यानं वजा केले. एल्लेच्या नावे करून दिलेले वजा केले. आकडा तंतोतंत जुळला! आणि लांडग्यांचं तर ओव्लाखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं.

ओव्ला म्हणजे त्याचा जन्माचा सोबती. दोघांचे कळप तरुणपणापासून एकत्र. नीलास एकदा फुटलेल्या बर्फातून नदीत गेला, तेव्हा पोटावर सरपटत येऊन ओव्लानंच त्याला ओढून काढलं होतं.

नीलास तडक त्याच्या दारात गेला. "यंदा कळप वेगळे हाकायचे."

"का रे? झालं काय?"

"ते तुलाच ठाऊक."

या वयात डोंगरावर एकट्यानं हिवाळा काढायचा म्हणजे जिवाशी खेळ. ओव्ला घाबरला, दुखावलाही. दुसऱ्या दिवशी तो एल्लेकडे आला, आणि तिनं बापाला हाताला धरून ओव्लासकट मागच्या खोलीत आणलं. तापिओ यंत्रासमोर होता. पडद्यावर तीच रांग होती.

"आता बोला," एल्ले म्हणाली. "काय बिनसलंय?"

नीलास उसळलाच. "या ओव्लानं जावयाला माझा आकडा सांगितला! तो बघा, आहे की नाही समोर?"

"बाबा, हे खोटे आकडे आहेत," तापिओ गोंधळून म्हणाला. "कोठार नीट चालतंय का, ते बघायला काहीतरी भरावं लागतं. नावं टेलिफोनच्या पुस्तकातली, आकडे यंत्रानं मनाला येतील तसे टाकलेत."

"मला शिकवतोस? लांडग्यांनी खाल्लेले सात वजा आहेत यात! एल्लेला दिलेले वीस वजा आहेत! मनाला येईल तसं इतकं बरोबर येतं होय?"

तापिओनं एक कळ दाबली. सगळे आकडे बदलले. नीलासकडे दोन रेनडिअर उरले. चर्चच्या पाद्रीबाईंच्या नावावर नऊशे चढले.

ओव्ला आधी पोट धरून हसला, मग एकदम थांबला.

"गाढवा," तो म्हणाला. "अख्खा जन्म मी तोंड शिवून बसलो, आणि तू जावयाच्या खोलीत उभा राहून स्वतःच बोंब मारलीस की पडद्यावरचा आकडा खरा आहे."

नीलासला तेव्हा कुठं कळलं. बापानं त्याला मरताना कानात सांगितलं होतं की आकडा कुणाला देऊ नकोस. आणि ज्याच्यापासून जपला, त्यालाच तो देऊन बसला होता. ओव्लाकडे बघायची तर त्याला लाजच वाटली.

"सोमवारी कळप घेऊन एकत्रच निघायचं ना?" त्यानं जमिनीकडे बघत ओव्लाला विचारलं.

"निघायचंच. आणि वाटेत तोंड बंद ठेव."

नीलास जावयाकडे वळला. "मगाचा तो आकडा... तुझ्या लक्षात आहे?"

तापिओनं पडद्याकडे बघितलं, मग सासऱ्याकडे. "कुठला आकडा?"

पोरगा खोटं बोलतोय हे नीलासला स्वच्छ दिसत होतं. आयुष्यात पहिल्यांदाच कुणाचं खोटं त्याला इतकं बरं वाटलं. तो दारापर्यंत गेला, पण खोड कुठली जाते! पुन्हा मागे फिरला.

"त्या कोठारात माझ्या नावापुढे शेवटी लिहिणार काय तू?"

"त्या कप्प्यात आकडाच मावतो, बाबा. तो बदलून शब्द मावतील असा करतो," तापिओ म्हणाला. "आणि लिहितो, 'आहेत थोडे'."